कोरी नसलेली फ्लॉपी

मलकापूर, मंगळवार, १९९७

आज आमच्या टायपिंग-छपाईच्या दुकानात शेजारचे तात्या आले. आपल्या वडिलांनी रचलेली गाणी छापून हवी होती. पुण्याला छापखान्यात असलेल्या त्यांच्या पोरानं ती टाइप करून फ्लॉपीवर दिलेली. मूळ कागद नंतर वाळवीनं खाल्ले.

आमच्या मशीननं, म्हणजे विंडोजवाल्या कॉम्प्युटरनं, फ्लॉपी घेतली आणि विचारलं, फॉरमॅट केलेली नाही, करू का? म्हणजे कोरी! सवयीनं बोट एंटरवर गेलंच होतं.

तात्या म्हणाले, "आवं, कोरी कशी आसंल? माझ्यासमोर भरलीया त्यानं."

पोराला फोन लावला. म्हणे, मॅकवरची, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरवरची आहे. तुमची फ्लॉपी आमच्याकडं उघडते, आमची तुमच्याकडं नाही. आणि इथली फाइल पुसलीय, आता त्या फ्लॉपीवर आहे तेवढीच.

एंटर दाबलं असतं तर? फॉरमॅट होऊन सगळी गाणी पुसली गेली असती. पण हे एकतर्फी कसं? आतली मांडणी कळली नाही, तर सरळ कोरी म्हणायचं? संध्याकाळपासून हेच डोक्यात.

तात्या उद्या स्वतः फ्लॉपी पुण्याला नेणार, आमच्या मशीनला कळेल अशी करून आणायला. रुमालात बांधता बांधता मशीनला म्हणाले, "वाचता येत न्हाई, तर तसं सांग की रं. कोरी हाय म्हनू नगं."