नव्वदाला एक उणा

प्रिय वहिनी,

तू माहेरी गेल्यापासून फोनवर मी मुद्द्यावर आलो की विषय बदलतेस. परवा मी कुठे तोंड उघडतोय तर कुंड्यांना पाणी घातलं का विचारलंस. काल दादाच्या शर्टाचं बटण. म्हणून हे पत्र. माझं मराठी लिहायला बसलं की लंगडतं, तुला माहीतच आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लाल पेन घे, पण शेवटपर्यंत वाच.

घर ठीक आहे. दादा भात करपवतो आणि मग भांडं हलकं आहे म्हणतो. आई मला अजून नावाने हाक मारत नाही. 'नव्याण्णव, दूध आण', 'नव्याण्णव, दार लाव'. शेजारच्या काकूही आता तेच म्हणतात. तू असतीस तर सगळ्यात मोठ्याने तूच हसली असतीस. त्या दिवशीही हसलीस की. मार्कशीट हातात घेऊन, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. ते पाणी हसण्याचंच होतं असं मी तेव्हा धरून चाललो. मला सोयीचं होतं ते.

आपण दोघांनी एकत्र शिक्षक पात्रता परीक्षा द्यायची, ही आयडिया माझीच होती. मला तेव्हा शिकवण्याचं नुसतं वेड लागलं होतं. तू मात्र दुसरीच्या वर्गाला कितीतरी वर्षं शिकवत होतीस, फक्त कायम नव्हतीस. दर उन्हाळ्यात शाळा तुला 'बघू' म्हणायची. मी म्हटलं, वहिनी, तू मला मराठी शिकव, मी तुला ऑप्शन कसे उडवायचे ते शिकवतो. तू इस्त्री करायचीस आणि मी टेबलावर बसून प्रश्न वाचायचो. 'मूल वर्गात सतत खिडकीबाहेर बघतं, तर शिक्षकाने प्रथम काय करावे?' तू म्हणायचीस, आधी बाहेर काय चाललंय ते मीही बघेन. मी म्हणायचो, वहिनी, हा ऑप्शनच नाहीये. तू इस्त्री उभी करून हसायचीस.

आणि माझे आकडे! इंग्लिश मीडियमचं पोर, एकवीस-बावीसपर्यंत ठीक, पुढे सगळा अंदाज. तू किती वेळा सांगितलंस, भावजी, एकोण म्हणजे नऊ नव्हे. एकोण म्हणजे एक उणा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. मी मोबाइल बघत 'हो हो' म्हणालो. तू विचारलंस, कळलं का? मी म्हटलं, कळलं. त्याच आठवड्यात तू मला शिकवलं होतंस की मुलांना 'कळलं का' असं कधी विचारू नये, कारण मुलं हो म्हणतात.

निकालाच्या दिवशी साइट उघडेना. तू वर्गावर होतीस, म्हणून मी परीक्षेच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाईंनी माझे एकशे चार सांगितले आणि तुझे एकोणनव्वद. मी ऐकलं ते नऊ आणि नव्वद. पास व्हायला नव्वद लागतात, माझ्या वहिनीला नव्याण्णव! मी पळतच शाळेत आलो आणि तुझ्या वर्गाच्या दारातून ओरडलो. पोरांनी बाकं बडवली. तू त्यांना म्हणालीस, आता मी तुमची पक्की बाई. हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. पोस्टाने मार्कशीट आली तोवर फेरतपासणीची तारीख निघून गेली होती.

हे सगळं तुला माहीत आहे. माहीत नाही ते आता सांगतो. आपल्या परीक्षेच्या क्लासमधला तो चष्मेवाला आठवतो? त्याने वेळेत फेरतपासणी मागितली होती. भाषेच्या पेपरात एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर निघाली, आणि ज्यांनी अर्ज केला त्यांना तो मार्क मिळाला. मी तुझ्याकडून त्या प्रश्नाचं उत्तर परीक्षेच्या दिवशीच ऐकलं होतं. तू दुसरं बरोबर उत्तर लिहिलं होतंस. म्हणजे तुझे नव्वद आहेत, वहिनी. फक्त कुणी मागितले नाहीत. मला हे गेल्या आठवड्यात कळलं आणि मी कुणाला बोललो नाही. दादालाही नाही. जेवताना आई 'नव्याण्णव' म्हणाली की मी पण हसायचो.

आणि मुख्य बाईंनी मला बोलावलं. तुमच्या वहिनी पास नाहीत, त्यांचा वर्ग सोमवारपासून तुम्ही घ्या म्हणाल्या. वर म्हणाल्या, स्वभावाने चांगल्या, पण निष्काळजी; स्वतःचे मार्क फोनवर नीट ऐकता आले नाहीत त्यांना. तू त्यांना सांगितलंस की फोन तू केला होतास? घरात सगळे मला चिडवतात आणि शाळेत तू माझं नावच काढलं नाहीस. गणित शिकवायला निघालेल्याला आकडे येत नाहीत हे शाळेला कळू नये म्हणून ना? मी तिथेच बोलायला हवं होतं. मी 'थँक्यू' म्हणालो.

सोमवारी वर्गावर गेलो. खुर्चीवर तुझी पाठीची उशी तशीच आहे. मी फळ्यावर एकोणतीस आकड्यात लिहिलं आणि वाचा म्हटलं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, 'एकोणतीस! तिसाला कोण उणा? एक उणा!' हे गाणं तू त्यांना शिकवलंयस हे मला माहीतच नव्हतं. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांवाली उठली आणि तिने विचारलं, "सर, तुम्हाला पण आमच्या बाईंनीच शिकवलं?" मी हो म्हटलं. ती जरा विचार करून म्हणाली, "मग तुम्हाला येत असेल."

मधल्या सुट्टीत मी मुख्य बाईंकडे गेलो आणि टीचर्स रूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, फोन मी केला होता, एकोणनव्वद मला कळत नव्हतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग परीक्षेच्या ऑफिसला गेलो. ते म्हणतात, उशिराचा अर्ज घेऊ, पण उमेदवार स्वतः हवा, शुक्रवारपर्यंत, आणि उशिराचं कारण लेखी हवं. मार्क देतीलच असं म्हणाले नाहीत. कारण मी तुझ्या वतीने लिहून, खाली माझीही सही करून ठेवलंय: 'माझ्या दिराला मराठी आकडे येत नव्हते.' तुझी सही तेवढी बाकी आहे. त्यांनी अर्ज फेटाळला तर तुझ्या वर्गाचं काय होईल मला ठाऊक नाही, पण तो मी माझा म्हणून घेणार नाही, एवढं मुख्य बाईंना सांगून आलोय. तू येईपर्यंत फक्त सांभाळतोय. माझ्यावर चिडायचं असेल तर चीड, या वेळी हसण्यावारी नेऊ नकोस. पण गुरुवारच्या गाडीने ये. पोरं रोज ओरडून विचारतात कोण उणा, आणि मी उशीकडे बघतो.

तुझाच, आता एकोण कळलेला,
नव्याण्णव