टेबलावरचा पट्टा

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काशिनाथकाकांना आज हमालीच्या कामावरून काढलं. काकवीच्या बाटल्या टेम्पोत फुटून पोचल्या आणि माझ्या अहवालात लिहिलं होतं : खोकं कंपन चाचणीत उत्तीर्ण. खोकं चांगलं, म्हणजे हमालानं आदळलं. मालकांनी एवढाच अर्थ काढला.

जाताना काका प्रयोगशाळेच्या दारात थांबले. "ताई, येरमाळ्याचा रस्ता तुमच्या मशीनला कधी दावलाय का?"

"काका, चाचणी नियमानं केली आहे."

"व्हय. मंग फुटल्या आमच्याच हातनं," म्हणाले आणि हसले. त्यांनी हसायला नको होतं.

नियमानं? मशीनच्या हादरत्या टेबलावरून खोकं सरकत होतं, म्हणून मी ते पट्ट्यानं आवळलं. टेम्पोत खोकी कुणी आवळत नाही. प्रत्येक खड्ड्याला ती उडतात आणि आपटतात. हे मला शिकवलेलं आहे. तरी पट्टा लावला, कारण सारखं खोकं जागेवर आणायचा कंटाळा आला होता.

सगळे गेल्यावर पट्टा सोडून तीच चाचणी पुन्हा लावली. अकराव्या मिनिटाला काच वाजली. बारापैकी चार बाटल्या. टेबल पुसलं, हात दोनदा धुतले, बोटं अजून चिकट आहेत.

मालकांना फोन करून हे सांगितलं. "आता अहवाल बदलू नका, तो गिऱ्हाइकाला गेलाय," म्हणाले. मी "बरं" म्हटलं. का म्हटलं?

नवा अहवाल लिहून झाला आहे. पट्ट्याचं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सही अजून केलेली नाही.