उल्काचा ताओ आणि माझं भाषण

चंदीगड, १२ मार्च १९८७

प्रिय शालिनी,

आम्ही बापलेक सुखरूप आहोत, हे आधी वाच. आईचा गुडघा दुखायचा थांबला का?

उल्का अकरावीच्या पुस्तकांखाली ठेवून ताओ नावाचं चिनी तत्त्वज्ञान वाचते आणि घरात वापरून बघते. अडकलेल्या खिडकीशी झगडत नाही, जरा उचलते, ती उघडते. मी चिडवलं, "गोळ्या झाडणाऱ्यांपुढे तुझा ताओ काय करणार?"

"बाबा, एकदा जोर लावला की तो कुठे जाईल, ते आपल्या हातात नसतं. एवढंच कळलंय मला."

परवा आमच्या ऑफिसातल्या नरेशला खलिस्तानी अतिरेक्यांनी खरड गावाला जाणाऱ्या बसमधून उतरवून मारलं. त्याच संध्याकाळी शोकसभेत मी तासभर बोललो. "रक्ताला रक्तानेच उत्तर द्या!" टाळ्या पडल्या. लोक तिथून थेट कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या हरबंससिंगकडे गेले. त्याची पगडी ओढली, लोखंडी पंपाने डोकं फोडलं.

उल्का ओरडली नाही. गर्दीत शिरून खाली बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझी मुलगी म्हणून लोकांचे हात थांबले. मी मागेच उभा होतो.

हरबंससिंग अजून शुद्धीवर नाही. काल उल्कासोबत हॉस्पिटलात गेलो. त्याची बायको मला ओळखत नाही. "भाईसाहब, चाय लो जी," म्हणाली. तो चहा मी प्यालो.

आज त्याच्या बायकोला सांगणार आहे, ते भाषण माझं होतं. उल्काने आग्रह केलेला नाही. शालू, आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडायची भीती वाटतेय.

तुझा,
गजानन