जुळलेले हात

शनिवार, संध्याकाळ

आज सिविल लाइंसच्या हॉटेलात माझ्या नातीचं, रेवाचं, भाषण होतं. कुठं किती उजेड ठेवायचा हे ठरवणाऱ्या लोकांचं मोठं संमेलन. मला पुढच्याच खुर्चीवर बसवलं आणि बजावलं, "आजी, तू मधी बोलायचं नाही हं, प्लीज." पहिलंच भाषण, पोरीचे हात थरथरून राहिले होते. मी कशाला बोलते?

मग तिनं हॉलमधले सगळे दिवे बंद केले. काय निवांत वाटलं, लहानपणी गढ्याच्या घरी अंगणात बसायचो तसं. मग एक पिवळा उजेड दूध वर यावं तसा हळूहळू वर येऊन राहिला. माझे हात आपोआप जुळले आणि तोंडातून "नमस्कार देवा" निघालंच, तेही मोठ्यानं. घरी संध्याकाळी बटन दाबलं तरी मी हात जोडते, सवयच आहे ती. मागे कोणी तरी हसलं. वाटलं, बुडवलं मी पोरीचं भाषण. काहून नाही गप बसले?

रेवा थांबली. मग माइकवर हिंदीत म्हणाली, "ये मेरी आजी हैं. मैं यही समझाने आई थी. उजाला ऐसे आए कि आदमी के हाथ जुड़ जाएँ."

खूप टाळ्या वाजल्या म्हणे. मला त्या आठवतच नाहीत. आता घरचा दिवा लावला तरी डोळ्यांपुढे हातच दिसून राहिले, माझे नाही, तिचे. माझ्याकडं बघून तिनंही जोडले होते. आणि ते थरथरत नव्हते.