दाराशी काढलेले बूट

२ सप्टेंबर

पोचलो. हातपाय, बॅग आणि चष्मा, सगळं शाबूत आहे. पन्नाशी उलटल्यावर देशांतर करणाऱ्या माणसाने याहून जास्त मागू नये.

घर गल्लीच्या टोकाला आहे. अरुंद, उंच, आणि जिना असा उभा की चढताना गुडघा हनुवटीला विचारून पुढे जातो. खाली स्वयंपाकघर आणि बाईसाहेबांची खोली, वर माझी, तिच्यावर माळा. बाईसाहेब म्हणजे जिची शुश्रूषा करायला मी आलो ती म्हातारी. तिची खुर्ची थेट पुढच्या दारासमोर मांडलेली असते. दिवसभर ती दाराकडे बघते. माझ्याकडे तिने एकदा बघितलं आणि पुन्हा दाराकडे मान वळवली. ज्या अर्थी मी दारातूनच आलो होतो, त्या अर्थी मला थोडं वाईट वाटलं.

शाळेने संस्कृतचा वर्ग बंद केला तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या आईची इतकी वर्षं केलेली सेवा हीच माझी एकमेव विकाऊ विद्या उरली. भाच्याने इथे ओळख काढून दिली. बाईसाहेबांचा मुलगा स्टेशनवर घ्यायला आला होता. माझ्याच वयाचा आहे, टक्कल पडलेला, सौम्य. मी मनातल्या मनात त्याचं नाव चिरंजीव ठेवलं आहे.

निघताना हिने नवे काळे बूट घेऊन दिले. तिकडे चपला फटफटवत फिरू नका, माझी मान खाली घालाल, म्हणाली. डिसेंबरात लेकीचे दिवस भरतील. बाळाचं नाव मी ठेवायचं असं ठरलं आहे. लेकीची अट एवढीच की बाबा, नाव दोन-तीन अक्षरांत आटपा, समास नकोत. बारशाला मी जाणार आहे. तेवढी रजा चिरंजीवांकडून आधीच कबूल करून घेतली आहे.

६ सप्टेंबर

काम कठीण नाही. अंग पुसणं, वेणी घालणं, औषधं, जेवण. शेवटचं मात्र होत नाही. बाईसाहेब दोन घास घेतात आणि तोंड मिटतात. आधी तो येऊ दे, म्हणतात. तो म्हणजे यजमान. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी बाहेर पडले ते परतलेच नाहीत, असं चिरंजीव म्हणाले. वारले का, असं विचारायला माझी जीभ रेटेना. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, पण उन्हाने असा उडाला आहे की चेहऱ्याच्या जागी फक्त एक फिकट अंडाकृती उरली आहे.

गल्लीतले लोक वाईट नाहीत. त्यांना मी दिसत नाही, इतकंच. कोपऱ्यावरचा पाववाला माझ्या मागच्या माणसाला आधी पाव देतो, मग त्याच्या मागच्याला. मी हसतो, मान लववतो, वर्गात शिकलेली त्यांच्या भाषेतली वाक्यं म्हणतो. निर्गुण निराकार होण्यासाठी ऋषींना तपश्चर्या करावी लागायची. मला व्हिसावर मिळालं.

रोज दात घासताना शब्द चालवतो: देवः देवौ देवाः. तेवढंच घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं.

१२ सप्टेंबर

आज गंमत झाली. या घरात सगळे बूट घालून थेट पलंगापर्यंत जातात. डॉक्टरसुद्धा. मला ते आजवर जमलं नाही. जमिनीवर चिखलाचा पाय पडला की मला आई दिसते, हातात केरसुणी घेतलेली. इतके दिवस मागच्या दाराने येऊन बूट तिकडे काढायचो. आज पाऊस होता, म्हणून पुढच्या दाराने आलो आणि सवयीने तिथेच, उंबऱ्याशी, बूट काढून जोडीने लावून ठेवले.

बाईसाहेबांनी ते बूट पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी नीट, आणि विचारलं, आलास? उशीर केलास.

यजमानांना म्हणे तीच सवय होती. साऱ्या गल्लीत दाराशी बूट काढणारा तो एकटा. बूट दाराशी म्हणजे तो घरात. बाईसाहेबांनी आज पूर्ण ताटली संपवली आणि वर माझा हात थोपटला. चिरंजीवांना फोनवर सांगितलं तर ताटली खरंच संपवली का, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, रोज तिथेच काढत जा ना, कृपा होईल.

यात कसली कृपा? शिष्टाचार आहे आपला.

२१ सप्टेंबर

चिरंजीव एक जोडी घेऊन आले. तपकिरी, जुने, पण पॉलिश केलेले. वडिलांचे. आईला हे ओळखता येतील, म्हणाले. सोबत कोटही.

गेलेल्या माणसाचं पायताण घालायचं नाही, हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणजे शिकवायची गरजच पडली नाही. पण समोरचा माणूस गुडघ्यावर बसून माझ्यापुढे बूट ठेवत होता. नको म्हणायचा धडा आमच्या क्रमिक पुस्तकात नव्हता. घातले. अंगठ्याशी चावतात.

संध्याकाळी हिला सांगितलं. पलीकडे तिने टीव्ही बंद केला, जे तिच्या बाबतीत वादळापेक्षा गंभीर असतं. मग म्हणाली, नोकरी सेवेची आहे ना, मग वेषांतर कशाला? काढून टाका ते आधी. मी म्हटलं, परकायाप्रवेश समज, पगारी. ती हसली नाही.

५ ऑक्टोबर

पाववाल्याने आज हात वर केला. मला. मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं. त्याने न मागता करड्या कवचाचा पाव कागदात गुंडाळला आणि गुडघा कसा आहे विचारलं. मी म्हटलं बरा आहे. न्हाव्याने खुर्ची फिरवून दिली आणि नेहमीसारखे ना, म्हणून कापायला लागलासुद्धा. समोरची बाई कुंडीला पाणी घालताना थांबून बोलली. एका महिन्यात समाजात असा समरस झालेला माणूस भाच्याने तरी पाहिला नसेल. त्याला इथे येऊन दहा वर्षं झाली, शेजारी अजून त्याच्या नावाचा उच्चार टाळतात.

माझ्या गुडघ्याबद्दल मी पाववाल्याशी कधी बोललो नव्हतो. मुळात माझा गुडघा दुखत नाही.

काळे बूट घालून गेलो की मात्र जुनी गोष्ट. आज दुपारी मुद्दाम जाऊन पाहिलं. पाववाल्याने माझ्यावरून नजर फिरवली, काचेवरून फडकं फिरवावं तशी.

बूट आता चावत नाहीत.

१८ ऑक्टोबर

बाळाचं नाव सुचलं. पाव कापताना अचानक. तीन अक्षरं, वेदांतलं, आणि तरीही लेकीला चालेल असं. इथे लिहीत नाही. बारशाआधी नाव कागदावर उतरवायचं नाही, पाळण्याशी बाळाच्या कानातच पहिल्यांदा सांगायचं, असं आई म्हणायची. ही फोनवर खनपटीला बसली, निदान पहिलं अक्षर तरी सांगा. नाही सांगितलं. मग तिने विचारलं, आवाज का असा येतोय तुमचा? सर्दी आहे का? मी म्हटलं, थंडी पडली आहे.

एक क्षुल्लक गोष्ट. कात्री हवी होती आणि हात आपोआप तिसऱ्या खणाच्या मागच्या कोपऱ्यात गेला. कात्री तिथे होती. तो खण मी आजवर उघडलेला नव्हता.

आणि जिना चढताना डावा गुडघा.

३ नोव्हेंबर

सकाळी देव चालवताना षष्ठीपाशी अडलो. तीस वर्षं मुलांकडून जे घोकून घेतलं ते. थांबलो, पुन्हा प्रथमेपासून आलो, पुन्हा तिथेच. आरशात बघत राहिलो. मग ठरवलं, खेळ पुरे. आपले काळे बूट घालायचे आणि चिरंजीवांना स्पष्ट सांगायचं.

काळे बूट दाराशी नव्हते. खोलीत नव्हते. माळ्यावर गेलो.

तिथे भिंतीलगत जोड्या लावलेल्या आहेत. नीट, चवडे आतल्या बाजूला करून. दोरीच्या तळव्यांचे, रबरी, कातडी विणलेले, पट्ट्यांचे. सगळे पुरुषांचे, कुठल्याच दोन जोड्या एका मुलखाच्या नाहीत. मध्ये एक अंगठ्याची चप्पल आहे. तिची शिवण मी ओळखतो. आमच्या आळीतला चांभार तशी घालायचा. धुळीवरून बघता ती माझ्या कितीतरी आधीची.

रांगेच्या शेवटी माझे काळे बूट. त्यांच्यावर धूळ नाही.

चिरंजीव आले तेव्हा मी त्यांना दंडाला धरून वर नेलं. ही माणसं कोण, कुठे आहेत, विचारलं. घरी पाठवा म्हटलं मला. ते रागावले नाहीत. फार मायेने खांद्यावर हात ठेवला. बाबा, म्हणाले, सुरुवातीला तुम्ही दर वेळी असंच म्हणता.

१० नोव्हेंबर

काळे बूट पायात जाईनात. टाच अर्धी बाहेर राहते. तपकिरी घालायचे नाहीत. मग अनवाणीच निघालो, सकाळी, पासपोर्ट खिशात घालून. फरशी बर्फासारखी होती.

स्टेशनपर्यंत पोचलो नाही. पाववाला गल्ला सोडून धावत आला. समोरची बाई आली. शाल घातली, गरम प्यायला दिलं, पाय चोळले. मी सांगत होतो की मी इथला नाही, मी नोकरीला आलोय, माझी लेक बाळंत व्हायची आहे. पासपोर्ट उघडून दाखवला. पाववाल्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि समोरच्या बाईला हळूच म्हणाला, परत त्या माणसाचे कागद घेऊन भटकतोय बिचारा. वयच झालं.

मला माझे शब्दही ऐकू येत होते. त्यांच्याच भाषेत होते. एकही चूक नव्हती.

मला घरी पोचवलं. इतकी प्रेमळ माणसं. त्यांच्यातल्या कुणीही मला वाटेत सोडलं नाही.

२४ नोव्हेंबर

फोनवर चेहरे दिसतात ते लावून घेतलं. बायको दिसली, स्वयंपाकघरात, मागे डबे. मी हाक मारली. ती पदर सावरून उभी राहिली, परक्या माणसासमोर राहते तशी. मग अडखळत, एकेक शब्द सुटा करून, माझ्या यजमानांना फोन देता का, असं विचारू लागली. मी म्हटलं, अगं मीच. ती म्हणाली, त्यांना द्या ना प्लीज. मी पुन्हा म्हटलं. तिला कळलं नाही. कुठल्या भाषेत म्हटलं मी —

लेक मागून आली. दोन्ही हात पोटावर. म्हणाली, आई, हे काका कोण?

२ डिसेंबर

गुडघा. फार. जिना नको म्हणून खालीच झोपतो.

मुलगा येऊन गेला. काय टक्कल पडलंय त्याला. लहानपणी किती कुरळे केस होते, ही तासन्‌तास विंचरायची, खिडकीशी बसून —

नाही. नाही नाही. मला मुलगा नाही. लेक आहे. एक. तिचे केस सरळ आहेत. हिचे, म्हणजे बायकोचे, तिकडच्या —

जे ठाऊक आहे ते लिहितो. देवः. देवौ. पुढे

११ डिसेंबर

भाच्याचा फोन. मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्याने खूप ठिकाणी विचारलं, मामा नोकरी सोडून कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही, असं मला सांगत होता. मला. आपण कोण बोलताय, असंही विचारलं. फार अदबीने.

बारसं बावीसला. मामी म्हणते, नाव त्यांनीच ठेवलेलं आहे, त्यांचा फोन येईलच. तोवर पाळणा बिननावाचा राहील.

१९ डिसेंबर

ही अक्षरं आता काढावी लागतात. वरची रेघ आधी, मग खाली लटकवायचं. कपडे वाळत घातल्यासारखं.

मागची पानं वाचली. निम्मी कळली. लिहिणारा माणूस गमत्या असावा.

नाव तीन अक्षरांचं. पाव कापताना. रोज पाव कापतो —

२२ डिसेंबर

सकाळ. फोन वाजतोय. उचलला. पडद्यावर खूप बायका, झुलती फुलं, एक म्हातारी होत चाललेली बाई फोनकडे टक लावून. रडून झाल्यासारखी. वाट बघते आहे. मला वाट बघणारी माणसं ओळखता येतात.

खुर्चीतून ही विचारते आहे, कुणाचा फोन? म्हटलं, कुणाचा नाही. इथे त्या नावाचं कुणी राहत नाही. सांगितलं त्यांना. फोन ठेवला.

पाव घेतला. सुरी लावली.

आठवलं. तीनही अक्षरं. आठवलं. पुसलं जायच्या आत लिहितो, आई रागावू दे, बाळाचं नाव