श्वास असेपर्यंत

प्रिय सलवान,

बाबांचा श्वास अडखळू लागलाय. नदीचं पाणी मी कॅनमधून आणलंय आणि पांढरे कपडे माझ्या मांडीवर आहेत. आपल्या मंदाई लोकांत प्राण जायच्या आधी माणसाला नदीच्या पाण्याने न्हाऊ घालून हे कपडे चढवतात. नंतर चढवले तर आत्म्याला वाट सापडत नाही. इराकमध्ये आजोबांना ते तूच घातले होतेस.

आणि आज सकाळी तू फोनवर इथल्या नर्सला म्हणालास, "माझी बहीण जुन्या वळणाची आहे. जिवंत माणसाला प्रेताचे कपडे घालू देऊ नका." तुझं स्वीडिश अस्खलित आहे. तिने तुझंच ऐकलं. माझं मोडकंतोडकं बोलणं ऐकून ती मायेनं हसली आणि माझ्यासाठी कॉफी घेऊन आली.

दुपारी बाबांनी डोळे उघडले.

"सलवान आला?"

"वाटेत आहे."

"त्या साहेबाला म्हणावं, टाय काढून ये. भिजेल." ते हसले. मग माझं मनगट धरून म्हणाले, "पोरी, मला या हॉस्पिटलच्या झग्यात जाऊ देऊ नकोस."

तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. 'घालू दे' एवढंच नर्सला सांग, अशी विनवणी करायला मी हे लिहायला बसले. पण पाठवत नाही. वाचलंस तर तू तिलाच सावध करशील.

आता दार आतून लावते. बाबांना उठवून बसवायला दोन माणसं लागतात, आणि मी एकटी आहे.

तुझी धाकटी बहीण,
शहला