आईच्या दाढेचा नंबर लागला

तीर्थरूप मामांस,

भाचीचा नमस्कार. तो एकाच गालाने केलेला आहे, कारण दुसरा सुजून टम्म झालाय. तरी पोचला असं समजून घ्या. तुमचे गुडघे काय म्हणतात? खोकल्याचं औषध पोटात जातंय ना, की बाटली नुसती खिडकीत उन्हं खात बसलीय? एकटा जीव म्हणून दोन वेळचं जेवण एका वेळेवर आणू नका. (हे आईचं वाक्य. मला सध्या जबडा उघडायची चोरी, मी कुठली उपदेश करायला!)

तर माझी उजवीकडची वरची दाढ. शिवणकाम करणाऱ्या बाईला दात हे तिसऱ्या हातासारखे असतात, टाचण्या तिथेच धरायच्या. हल्ली माप घेता घेता अशी कळ येते की मी किंचाळते, गिऱ्हाईक दचकून पोट आत ओढतं आणि सदरा घट्ट होतो. मग तो उसवून पुन्हा शिवायचा, तोही दात-ओठ न खाता! खाजगी डॉक्टरची पायरी चढायची ऐपत नाही, म्हणून सरकारी दवाखान्यात गेले. तिथे सरकारने अशी काही काटकसर केलीय म्हणता! एक सोडून एक दिवा काढून नेलाय. दातांचे डॉक्टर पूर्वी रोज असायचे, आता फक्त गुरुवारी असतात. खिडकीतली बाई नोंद घेते, नंबर पुकारते, मध्येच उठून फरशी पुसते आणि पुन्हा येऊन आपल्यालाच विचारते, कोण तुम्ही? माझा नंबर कधी लागेल म्हटलं, तर तिने माझ्या केसांकडे बघितलं आणि म्हणाली, पांढरे व्हायला लागले की येऊन जा. जुन्या लोकांचे नंबर आधी संपायला हवेत म्हणे, आणि त्यातला एकही खोडता येत नाही, कारण खोडणाऱ्या कारकुनाचीच जागा सरकारने खोडली.

आणि गेल्या आठवड्यात त्याच बाईचा फोन. तुमच्या आईचा नंबर लागलाय, गुरुवारी पाठवा. अहो, म्हटलं, आई जाऊन वर्ष झालं. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग म्हणते, बरं, मग तुम्ही या, नंबर वाया गेला तर मला वर जाब द्यावा लागतो. मामा, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. नंबर आईचा, दाढ माझी, आईने जाता जाता लेकीची सोय करून ठेवली असं वाटलं.

आतली खोली अंधारी. खुर्ची मात्र गरम, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. (माझ्या आधी कुणीही आत गेलं नव्हतं, मी दारासमोरच बसले होते.) डॉक्टरांचा चेहरा दिसलाच नाही, दिव्याच्या उजेडात तेवढे हात. तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, काय बाई, खालची डावी अजून झोपू देत नाही ना? मी म्हटलं, डॉक्टर, मी त्यांची मुलगी, माझी वरची उजवी. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. आणि चिमटा थेट खाली डावीकडे! मी हातपाय झाडले, ओरडले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण दुखलं म्हणाल तर अजिबात नाही. ताटलीत टण्णकन दाढ पडली. मी पाहिली. तिच्यात चांदी भरलेली होती.

मामा, माझ्या एकाही दातात चांदी नाही. आईच्या होती. तुम्ही तिला चिडवायचात ना, घरातला एकुलता एक दागिना म्हणून?

घरी येऊन आरशापुढे तोंड वासून उभी राहिले. माझे सगळे दात जागच्या जागी. वरची उजवी तशीच ठणकतेय. पण आई गेल्यापासून दुपारी शिवणयंत्र थांबवलं की स्वयंपाकघरातून दातांतून वारा ओढल्यासारखा स्स् असा आवाज यायचा. मी नळ समजून दोनदा चकती बदलली. गुरुवारपासून तो आवाज बंद आहे. आई ती दाढ बरोबर घेऊनच गेली होती हो. शेवटी शेवटी पेजसुद्धा एका बाजूने गिळायची, आणि या लोकांना जिवंतपणी तिच्यासाठी एक गुरुवार सापडला नाही! असा संताप आला की मी मटकन खाली बसून रडले. (रडताना गाल अजून दुखतो, हे एक शिकले.)

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जपा.

तुमची भाची

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. तुम्ही आमच्याकडे राहायचात तेव्हा आईबरोबर तुम्हीही तिथे नाव घातलं होतंत. येत्या गुरुवारी तुमचा नंबर आहे. माणूस हयात असेल तर त्यानेच यायचं, नसेल तरच नातेवाईक चालतो. तुमची तर कवळी आहे, तुम्हाला काय करायचाय नंबर? तेव्हा तुम्ही वारलात, असं दोन ओळींत लिहून पाठवाल का? या खेपेला मी आधीच तोंड घट्ट मिटून वरची उजवी बोटाने दाखवीन. राग मानू नका, ठणका फार आहे.

ता. क. दुसरा. पत्र टाकायच्या आधी पुन्हा दवाखान्यात जाऊन आले. मामांचं पत्र आणते, तोवर नंबर धरून ठेवा म्हटलं. खिडकीतली बाई फरशी पुसता पुसता म्हणाली, पत्र कशाला? तुमची आई नव्हती का, नंबर लागेपर्यंत गेलं वर्षभर रोज त्या कोपऱ्यात येऊन बसायची? मामाही बसतात की. सोमवारपासून येतायत.

कोपऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. मामा, वरचा ता. क. वाचू नका. दाढ गेली खड्ड्यात, ठणकू दे जन्मभर. फक्त तुमच्या हातची एक ओळ पाठवा. शिवी घातलीत तरी चालेल.